सॉक्रेटिस तुरुंगातून पळाला नाही, ते बरोबर केलं का?

मुचकुंदा

सध्या प्लेटोचा 'क्रिटो' हा छोटा संवाद पुन्हा वाचतोय. इ. स. पू. 399. सॉक्रेटिस 70 वर्षांचा, देव न मानल्याच्या आणि तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून देहदंड ठोठावलेला. पण डेलॉस बेटावर गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत अथेन्समध्ये कुणाचा जीव घ्यायचा नाही असा नेम होता, म्हणून तो महिनाभर तुरुंगातच. जहाज आज-उद्या लागणार ही बातमी घेऊन त्याचा मित्र क्रिटो अंधारातच येतो. पहारेकऱ्याचे हात त्याने आधीच ओले केलेले आहेत. सॉक्रेटिस गाढ झोपलाय. क्रिटो त्याला उठवत नाही, शेजारी गप्प बसून राहतो. जाग आल्यावर मात्र एका दमात सगळं सांगतो: पैशांची सोय झालीय, उत्तरेला थेसलीत माझी माणसं आहेत, मुलांचा तरी विचार कर, चल.

सॉक्रेटिस म्हणतो, समज, आपण निघताना शहराचे कायदेच समोर येऊन उभे राहिले तर? ते विचारतील: तुझ्या आईबापांचं लग्न आमच्या आधाराने झालं, तू लहानाचा मोठा झालास तो आमच्यामुळे. पटत नव्हतं तर चंबूगबाळं आवरून जायला तुला कुणी अडवलं होतं? लढाया सोडल्या तर आयुष्यात एकदा कोरिंथजवळच्या इस्थमसच्या उत्सवाला गेलास, तेवढंच तुझं बाहेर पडणं.

माझं मत स्पष्ट आहे, त्याने बरोबर केलं. ज्या शहराला जन्मभर भर बाजारात प्रश्न विचारले, त्याचा निकाल अंगावर आल्यावर काढता पाय घेतला असता तर त्या प्रश्नांना काय किंमत राहिली असती? पोटिडिया, डेलियम, अँफिपोलिस या तिन्ही मोहिमांत तो याच शहरासाठी लढला होता.

रानजाई

अजिबात पटलं नाही. याच माणसाने खटल्यात न्यायाधीशांना तोंडावर सांगितलं होतं, की तत्त्वचिंतन सोडायच्या अटीवर मला सोडणार असाल तर मी ती अट पाळणार नाही, मी तुमच्यापेक्षा देवाचं ऐकेन. म्हणजे शहराचा हुकूम मोडायला तो तयार होता. मग महिन्याभरात कायदे एवढे आईबापांच्या जागी कसे आले?

आणि हद्दपारीची वाट त्याला कायद्यानेच खुली होती. अथेन्समध्ये दोषी ठरल्यावर आरोपीने स्वतः पर्यायी शिक्षा सुचवायची असे. हद्दपारी मागितली असती तर बहुधा मिळाली असती. त्याने आधी काय मागितलं? ऑलिम्पिकच्या विजेत्यांना मिळतं तसं सरकारी खर्चाने जेवण! नंतर मित्रांच्या जामिनावर 30 मीना (मीना म्हणजे चांदीच्या पैशाचं तेव्हाचं एकक) दंड. घरात तीन मुलं, त्यातली दोन अगदी लहान. मला यात निष्ठेपेक्षा हट्ट जास्त दिसतो. पुढे 323 साली अलेक्झांडर वारल्यावर अॅरिस्टॉटलवर तसाच आरोप आला, तेव्हा तो सरळ खाल्किस या दुसऱ्या शहरात निघून गेला. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

मुचकुंदा

रानजाई, अॅरिस्टॉटल उत्तरेकडच्या स्टॅगिरा गावचा. अथेन्समध्ये तो परका रहिवासी होता, नागरिक नव्हे. त्याने त्या शहराशी कसला करारच केला नव्हता. आणि मला विसंगती दिसत नाही. दुसऱ्यावर अन्याय कर किंवा विचार करणं थांबव, असा हुकूम आला की तो नाही म्हणतो. अन्याय स्वतःवर होत असेल तर सोसतो. दोन्हीकडे कसोटी एकच: आपल्या हातून अन्याय होऊ द्यायचा नाही.

तिठा

तुम्ही दोघं सॉक्रेटिसबद्दलच बोलताय, शहराकडे कुणी बघतच नाहीये. खटल्याच्या पाचच वर्षं आधी, 404 साली, अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलं. तटबंदी पाडली गेली आणि स्पार्टाच्या पाठिंब्याने 'तीस जणांची' राजवट बसली. तिने सुमारे 1500 लोक मारले. तिचा म्होरक्या क्रिटियास. तो कुणाच्या बैठकीतला? सॉक्रेटिसच्या. स्पार्टाला जाऊन मिळालेला अथेन्सचा सेनापती अल्सिबिआडीसही त्याच्याच सोबतचा. फिर्यादी अॅनिटस हा त्या राजवटीविरुद्ध लढून शहरात परतलेला माणूस. 403 साली लोकशाही परत आली, तेव्हाच्या तहाने जुने राजकीय गुन्हे उकरून काढायला बंदी होती, म्हणून आरोप देव न मानल्याचा आणि तरुणांना बिघडवल्याचा. लोकांच्या मनात खरं काय होतं, ते 345 साली एस्किनीस या वक्त्याने भर न्यायालयात बोलून दाखवलं: सॉक्रेटिसला तुम्ही मारलंत, कारण तो क्रिटियासचा गुरू होता.

शिक्षा चूक होती, हे मान्यच. पण ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यांना 'मूर्ख जमाव' म्हणून मोडीत काढणं मला जमत नाही.

आणि मुचकुंदा, तुमच्या कसोटीबद्दल. तीस जणांनी सॉक्रेटिससकट पाच जणांना बोलावून हुकूम दिला: जवळच्या सॅलमिस बेटावर जा, तिथल्या लिऑनला पकडून आणा, त्याला मारायचंय. चौघं गेले. सॉक्रेटिस घरी गेला. लिऑन मेला. आपले हात स्वच्छ राहिले, एवढ्याने भागतं का? लोकशाहीच्या बाजूचे लोक त्या राजवटीशी लढायला शहर सोडून गेले तेव्हाही तो आतच राहिला.

मुचकुंदा

आत राहून गप्प नव्हता बसला. गुरांचा कळप कमी आणि रोड करणारा गुराखी स्वतःला वाईट गुराखी म्हणवून घेणार नाही, हे नवलच, असं तो त्या राजवटीबद्दल उघड बोलला, हे त्याचा शिष्य झेनोफॉन सांगतो. क्रिटियासने त्याला बोलावून तिशीच्या आतल्या कुणाशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली, तर याने विचारलं, विकणारा तिशीच्या आतला असेल तर भावही विचारायचा नाही का? पंधराशे मुडदे पडलेल्या गावात हे तोंडावर विचारायला छाती लागते.

त्याआधी 406 साली आर्गिनुसेच्या लढाईनंतर बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही म्हणून सेनापतींना एकगठ्ठा मतदानाने मारायचा ठराव आला. असा ठराव बेकायदा होता. सभा खवळलेली, अटकेच्या धमक्या चाललेल्या. त्या वेळी कामकाज चालवणाऱ्या मंडळात असलेला सॉक्रेटिस अखेरपर्यंत नाही म्हणाला. ती राजवट नव्हे, लोकशाहीच होती.

रानजाई

आर्गिनुसेबद्दल त्याला पूर्ण मान. पण तेच तर म्हणतेय मी. तिथे बेकायदा निर्णयाला तो अडून बसला, आणि स्वतःच्या वेळी, फक्त 30 मतं इकडची तिकडे झाली असती तर सुटला असता अशा निकालाला मान तुकवली. एका दिवसात खटला, वर अपील नाही. क्रिटोसारख्या मित्राच्या शब्दापेक्षा अशा निकालाचं वजन जास्त का, याचं उत्तर मला त्या संवादात सापडत नाही.

तिठा

मला सापडतं, पण आवडत नाही. आर्गिनुसेत प्रक्रिया मोडली होती, त्याच्या खटल्यात सगळी रीतसर पाळली गेली. सॉक्रेटिसला हा फरक फार मोठा वाटायचा. म्हणून लिऑनचं कोडं मला अजून सुटत नाही. तिथे प्रक्रिया नव्हतीच, राजवटही उसनी होती, मग त्याला निदान निरोप तरी का धाडला नाही? त्या दिवसाबद्दल सॉक्रेटिस खटल्यात स्वतः बोलतो, पण 'मी घरी गेलो' इथेच थांबतो.