मदत हवी आहे : गंजून हबला धरलेली पुढची ब्रेक डिस्क घरी कशी काढावी?

धागाकर्ता

पेट्रोल हॅचबॅक, पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम, एबीएस आहे. ८० च्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्कवर किमान जाडी १८ मिमी कोरलेली आहे. मायक्रोमीटरने डावी १८.२ आणि उजवी १८.४ भरते. दोन्ही बाजूंच्या नव्या डिस्क आणि पॅडचा पूर्ण संच आणलाय. गाडी घोडीवर आहे, मागच्या चाकांना उटी लावली आहे. डाव्या बाजूचा कॅलिपर (पिस्टनने पॅड दाबणारा भाग) आणि त्याचं ब्रॅकेट उतरवलं, पण डिस्क हबवरून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) हलत नाही. गाडी कायम समुद्राजवळ उभी असते.

डिस्क कशी सोडवावी? पिस्टन मागे दाबताना कॅलिपरवरचं ब्रेक ऑइल सोडायचं निपल उघडावं का? आणि नव्या डिस्कला पुन्हा थरथर येऊ नये म्हणून काय करावं?

पाना-पकड

आधी डिस्कचा मधला भाग बघा, जिथे व्हील स्टड (चाकाचे नट बसतात ते दांडे) बाहेर येतात. एखादा छोटा स्क्रू डिस्कला धरून असेल तर तो काढा. स्टडच्या मध्ये आटे पाडलेली दोन भोकंही दिसतील, मारुती सुझुकीच्या बऱ्याच गाड्यांत असतात. ती खास डिस्क ओढून काढण्यासाठीच आहेत. त्यांत ८ मिमीचे, १.२५ पिचचे दोन बोल्ट बसतात. हबच्या मधल्या गोलाभोवती आणि स्टडच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून वीस मिनिटं थांबा. मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून अर्धा-अर्धा फेरा आवळा. एकच बोल्ट आवळत राहिलात तर डिस्क तिरकी अडकते आणि आटे जातात. मध्येमध्ये रबरी हातोडीने स्टडच्या मधल्या जागेवर ठोका. लोखंडी घणाने कडेवर मारू नका, डिस्क भंगारात जाणार असली तरी धक्का व्हील बेअरिंगला बसतो. गॅसने तापवणं तर नकोच. बेअरिंगचं ग्रीस आणि सील जळतं, शेजारी एबीएसचा सेन्सरही असतो.

कॅलिपर होजवर लोंबकळत असेल तर आधी तारेने स्प्रिंगला बांधा. तो खाली असताना ब्रेकच्या पेडलला कुणीही पाय लावू नये, पिस्टन बाहेर येईल.

निपलबद्दल: ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर ते नाहीतरी बदलायचंच आहे. मग निपलला नळी लावून ती बाटलीत सोडा, निपल उघडा, पिस्टन दाबा आणि दाब सोडण्याआधी निपल बंद करा. म्हणजे जुनं मळकं ऑइल उलटं एबीएसच्या युनिटकडे जात नाही. पण समुद्राकाठच्या गाडीत निपल गंजून तुटण्याची भीती खरी आहे. ते सहज फिरत नसेल तर जोर लावू नका. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल सिरिंजने काढा आणि जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने पिस्टन हळूहळू दाबा. ऑइल पत्र्यावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उडतो.

घाटवाट

थरथरीचं उत्तर मुख्यतः हबच्या तोंडात, म्हणजे डिस्क टेकते त्या पृष्ठभागात आहे. लोक महागडी डिस्क आणतात आणि गंजलेल्या हबवर बसवतात. हबवर ०.०५ मिमीचा पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या कडेला तो जवळजवळ दुप्पट होतो. मग डिस्क डुलते, दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासते आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी होऊन स्टिअरिंग हलायला लागतं. आपण त्याला 'डिस्क वाकली' म्हणतो, पण ती क्वचितच वाकलेली असते.

म्हणून वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने हबचं तोंड चकचकीत करा, स्टडच्या बुडाचा गोल विसरू नका. नव्या डिस्कवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. डायल गेज मिळाला तर नटांखाली वॉशर घालून डिस्क सगळ्या नटांनी आवळा आणि ती फिरवताना किती डुलते ते कडेपासून १० मिमी आत मापा. साधारण मर्यादा ०.१ मिमीची असते, तरी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा पाहा. जास्त आलं तर डिस्क एक स्टड पुढे फिरवून पुन्हा मापा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगून पिन अडकते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर पिन किंवा पिस्टन अडकत होता असं समजा. बोल्टांचा टॉर्क मॅन्युअलनुसारच द्या. व्हील नट चाक जमिनीवर टेकवून, समोरासमोर क्रमाने, टॉर्क रेंचने आवळा. टायरवाल्याची न्यूमॅटिक गन इथे नको.

धागाकर्ता

बोल्टांनी डिस्क सुटली, आभार. हब साफ करून नवी बसवली. हाताने फिरवल्यावर एका जागी खरखर आवाज येतो. पॅड अजून लावलेले नाहीत.

पाना-पकड

पॅड नसताना आवाज म्हणजे मागचा पातळ पत्रा डिस्कला लागतोय. ठोकताना वाकला असेल. बोटाने मागे ढकला, चारही बाजूंनी २-३ मिमी फट हवी.

सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा, पहिले काही दाब थेट तळाला जातात. टाकीतली पातळी पाहा. मग रिकाम्या रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं चालवून थंड होऊ द्या. पूर्ण थांबून पेडल धरून ठेवू नका, तापलेल्या डिस्कवर पॅडचा छाप उमटतो. पहिले ३०० किलोमीटर घाट टाळलात तर बरं.