मुलीच्या पाठीचा कोन मोबाईल अ‍ॅपने मोजतोय, रोज वेगळाच आकडा येतोय

चिंतातुर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी १२ वर्षांची आहे, बुटाची लेस बांधायला खाली वाकली तेव्हा बायकोला दिसलं की उजव्या बाजूची पाठ डावीपेक्षा वर आलीये. एक्स-रे काढला, कॉब अँगल १८ डिग्री, म्हणजे स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वळणं). डॉक्टर म्हणाले आत्ता ब्रेस (पाठीचा आधारपट्टा) नको, सहा महिन्यांनी परत दाखवा. आता सहा महिने नुसतं हातावर हात ठेवून कसं बसायचं म्हणून एक स्कोलिओमीटरचं (पाठीचा कल मोजायच्या उपकरणाचं) अ‍ॅप घेतलं, तिला वाकवायचं आणि फोन पाठीवर आडवा ठेवायचा. परवा ४ आले, काल ८, आज सकाळी ५. कालच्या ८ ने रात्रभर झोप नाही. शिवाय एक्स-रेत १८ आणि फोनमधे ५-६ असं कसं, यातलं खरं कुठलं? अ‍ॅप बोगस आहे का?

फिजिओ_ताई

दादा आधी श्वास घ्या. दोन्ही आकडे खरे आहेत कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. कॉब म्हणजे एक्स-रेवर मणक्यांची रांग बाजूला किती वळलीये तो कोन, तो १० किंवा जास्त असला की स्कोलिओसिस म्हणतात. तुमचा फोन मोजतोय वाकल्यावर पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा किती उचललीये ते, म्हणजे धड पिळलं गेलंय त्याचा कोन. मणके बाजूला वळतात तसे स्वतःभोवती फिरतातही आणि बरगड्यांना सोबत घेऊन जातात, म्हणून तो उंचवटा दिसतो. एकाला कशाने तरी गुणून दुसरा काढता येत नाही, तसा प्रयत्नही करू नका. तपासणीत साधारण ५ ते ७ डिग्री आले की पुढे पाठवतात, एवढाच त्याचा उपयोग, चाळणी म्हणा हवं तर.

आता ४-८-५ चं. पाठ एका रात्रीत बदलत नाही, फोन ठेवणं बदलतं. पावलं जुळवलेली, गुडघे ताठ, तळवे एकमेकांना जोडून हात खाली सोडलेले, हळूहळू वाकवत जायचं आणि उंचवटा जिथे सगळ्यात जास्त दिसतो तिथे थांबवून मोजायचं. कमरेची वेगळी नोंद, पाठीची वेगळी. खऱ्या स्कोलिओमीटरला खाली मधोमध एक खाच असते, मणक्याचं हाड त्यात बसतं म्हणून तो डुगडुगत नाही. फोनला खाच कुठून येणार? म्हणून दोन अंगठे फोनखाली धरायचे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि मधे फट ठेवायची. २०१२ मधे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तर आयफोनला अ‍ॅक्रिलिकचं खास कव्हर करून हेच साधलं होतं आणि आकडे स्कोलिओमीटरशी चांगले जुळले होते. तेव्हा अ‍ॅप बोगस नाही, पण नुसता फोन पाठीवर टेकवून चालत नाही.

आळशी_इंजिनिअर

ताईंनी पाठीचं सांगितलं मी फोनचं सांगतो. आत जो अ‍ॅक्सेलरोमीटर असतो त्याला गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला आहे ते कळतं, त्यावरून फोन किती कललाय ते काढतो, बस. त्याला पाठबिठ काही दिसत नाही. म्हणजे तुमच्या फोनच्या मागे कॅमेऱ्याचा फुगवटा असेल तर ते ढेकूळसुद्धा तो इमानदारीत मोजणार 😄 टेबलावर ठेवून आकडा लिहा, मग तिथेच अर्धी गिरकी देऊन परत ठेवा, टेबल तिरकं असेल तर आकडा तेवढाच राहून बाजू बदलेल, पण दोन्ही वेळा फोनच्या त्याच कडेला कललेला दाखवत असेल तर दोष फोनचा.

अजून एक, मान वळवण्याचा कोन मोजायला असली अ‍ॅप वापरतात त्यात गंमत होते. मान पुढेमागे किंवा कानाकडे झुकवली तर गुरुत्वाकर्षण कामाला येतं, पण ताठ बसून डावीउजवीकडे वळवली तर त्याला काहीच कळत नाही, मग अ‍ॅप होकायंत्राचा आधार घेतं, आणि शेजारी लोखंडी कपाट किंवा पलंग असला की ते होकायंत्र भरकटतं.

वाकडी_पण_ताठ

मला स्वतःला १३ व्या वर्षापासून आहे, ब्रेस घालून झालाय. मुलीच्या बाजूने बोलते, राग मानू नका. रोज सकाळी शर्ट वर करून वाकायला लावणं, बापाच्या चेहऱ्याकडे बघत राहणं, आकडा वाढला की घरात सुतकी शांतता... हे फार नको होतं हो. मला कोनापेक्षा ते जास्त आठवतं. महिन्यातून एकदा मोजा, आईला मोजू दे.

फिजिओ_ताई

+१. महिन्यातून एकदा, एकाच माणसाने, त्याच फोनने, लागोपाठ तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. एक-दोन डिग्री इकडेतिकडे होणारच, डॉक्टरांच्या कॉबमधेसुद्धा ५ च्या आतल्या फरकाला वाढ म्हणत नाहीत. सलग दोन महिने स्पष्ट चढ दिसला तर सहा महिने थांबू नका, आधीच दाखवा. आणि उलटही लक्षात ठेवा, अ‍ॅपचा आकडा शांत आहे म्हणून ठरलेली तारीख टाळायची नाही. सोबत भिंतीला उभी करून उंचीही लिहा. उंची झपाट्याने वाढते त्याच काळात बाक वाढण्याचा धोका जास्त, ही नोंद डॉक्टरांच्या खूप कामाची.

चिंतातुर_बाबा

टेबलावर करून बघितलं. दोन्ही वेळा कॅमेऱ्याचीच बाजू वर, पावणेदोन डिग्री!! आणि कालचा ८ आला तेव्हा फोन उलट्या बाजूने धरला होता आणि तिचा एक गुडघा वाकलेला होता, हे तीच आत्ता सांगतेय, "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणाली. मोजायचं काम आजपासून बायकोकडे. फक्त एक, फोनचं कव्हर ठेवून मोजायचं की काढून?

आळशी_इंजिनिअर

जाड कव्हर असेल आणि मागची बाजू त्याने सपाट होत असेल तर ठेवूनच. ठेवलंत की मग प्रत्येक वेळी तेच.