पूरग्रस्तांना पॅनलची तयार घरं : मराठवाड्यात चालतील का? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सीनाकाठ
सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा-भूम भागात सीना नदीचं पाणी घराघरांत शिरलं. मातीची भिंत पाण्यात भिजली की लगेच पडत नाही. पायाशी फुगते आणि पाणी ओसरून ऊन पडलं की बसते. म्हणजे माणूस घर झाडायला परत येतो, तेव्हाच खरा धोका असतो.

पूर्ण पडलेल्या घराला आपत्ती निधीच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरलेले होते. पण पंचनामा, यादी, बँक खातं, मग वाळू, सिमेंट, गवंडी हे सगळं जुळेपर्यंत लेकराबाळांनी राहायचं कुठं? झेडपीच्या शाळेत? शाळा काय कायमची बंद ठेवता येते का?

माझं म्हणणं असं, की जिल्ह्याच्या गोदामात लोखंडी सांगाडा आणि पॅनलच्या, म्हणजे तयार भिंतींच्या घरांचे संच आधीच भरून ठेवावेत. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था ‘बेटर शेल्टर’ नावाचं घर वापरते. ते १७.५ चौरस मीटरचं असतं, सपाट खोक्यांतून येतं आणि चार माणसं दिवसभरात उभं करतात. आपल्या देशालाही ही कल्पना नवी नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी सरकारनं १९४८ मध्ये दिल्लीत तयार घरांचा कारखाना काढला होता, तोच पुढं हिंदुस्तान प्रीफॅब झाला. मग धाराशिव, बीड, नांदेडला दर पुरात ताडपत्रीच का वाटायची?

औसा रोड
दादा, ताडपत्रीबद्दलचा राग समजतो, पण मी या मागणीच्या ठाम विरोधात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर आमच्या भागानं तयार निवारा म्हणजे काय ते भोगलंय. नवी घरं होईपर्यंत माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात दुपारी बारानंतर आत बसवत नव्हतं. म्हातारी माणसं झाडाखाली खाट टाकून पडायची.

आणि पुढचंही ऐका. भूकंपात बावन्न गावं नव्या जागेवर गेली. घरं पक्की होती, भूकंपाला टिकतील अशीच होती. पण आखणी शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रांगेत. बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा, बाजेवर बसून बोलायला ओसरी कुठं? एका गावात तर फेरोसिमेंटचे घुमट बांधले, त्यात कणगी ठेवायला सरळ कोपराच नाही. शेवटी लोकांनीच दारापुढं पत्रे मारून गोठे काढले. बाहेरून ठरवून आणलेलं घर आपल्या माणसाच्या राहणीला बसत नाही, हा माझा मुद्दा आहे.

सीनाकाठ
पण तुम्ही कायमच्या पुनर्वसनाचं बोलताय आणि मी पहिल्या सहा महिन्यांचं.

औसा रोड
सहा महिने कागदावर. रायगडमधल्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला दरड कोसळली, वाचलेल्यांना चौकजवळ कंटेनरमध्ये ठेवलं. पक्की घरं मिळायला वर्षाच्या वर गेलं. निवारा दिला की सरकारची घाई संपते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

गवंडीकाम
मी बांधकामातला माणूस, म्हणून सांगतो. साधा पत्रा आणि पफ पॅनल एकच समजू नका. पॅनलमध्ये दोन पत्र्यांच्या मधे फोम असतो, त्यामुळं ऊन बरंच अडतं. पण आपल्याकडं चूल घरात पेटते, आणि फोमला आग लागली तर धूर जीवघेणा. आता सांगितलेल्या ‘बेटर शेल्टर’लासुद्धा आगीच्या चाचणीवरून झ्युरिच शहरानं २०१५ मध्ये नकार दिला होता. त्यानंतर त्यात सुधारणा झाल्या, तरी चुलीचा प्रश्न आपणच सोडवायचा आहे.

दुसरं, वळवाचं वारं. सांगाडा जमिनीत नीट रोवला नाही तर अख्खं घर उचललं जाईल. काळ्या मातीत तर आणखी कठीण. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. खाली मुरूम दाबून भरल्याशिवाय बोल्ट धरत नाही.

माझं मत, भिंती तयार नकोतच. सांगाडा आणि वरचं छप्पर तेवढं तयार द्या. भिंतीला तुराट्यांचा कूड घालून शेणमातीनं लिंपायला इथल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. पुढं पैसे आले की तोच सांगाडा ठेवून विटा चढवायच्या.

बालाघाटची लेक
गवंडीदादांचं पटतं, पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही. घरकुलाला जागा नावावर लागते. ज्याचं घर गायरानात किंवा नदीच्या पोटात आहे आणि ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नमुना आठला नोंद नाही, त्याचा पंचनामा करतानाच तलाठी मान हलवतो. पूर मात्र त्याचंही घर नेतो. आमच्याकडची ऊसतोडीला जाणारी कुटुंबं वर्षातले पाच-सहा महिने कोपीत काढतात. पाचटाचं छप्पर, दाराला लुगडं, आत वाकून शिरायचं. त्या बाईला तुम्ही ‘तयार घर आपल्या राहणीला बसत नाही’ असं सांगणार का, दादा? तिला दाराला आतून कडी पाहिजे. हलवता येणारं घर असेल तर जागेचा उतारा कुणी मागायचं कारण उरत नाही. मला पॅनल चालेल, कूड चालेल, पण या हंगामात पाहिजे.

औसा रोड
ताई, कडीचं तुमचं म्हणणं मी मान्य करतो, आणि कोपीपेक्षा ते हजारपट बरं. पण उतारा नसलेल्याला हलतं घर दिलं की त्याला उतारा देण्याचा प्रश्नच फाईलबंद होतो. पुढच्या वर्षी त्यालाच म्हणतील, तुला घर दिलंय की. म्हणून संच देतानाच जागेचा अर्ज दाखल करून घ्यावा आणि पक्क्या घराची तारीख तहसीलदारांच्या सहीनं लिहून द्यावी. एवढं होत असेल तर माझा विरोध मागं.

सीनाकाठ
तारखेची अट रास्त आहे, मागणीत घालू. माझी अडचण गवंडीदादांच्या सूचनेशी आहे. सांगाडा कुटुंबाकडंच राहिला आणि त्यावर विटा चढल्या, तर पुढच्या पुराला गोदाम रिकामं असणार. परत घ्यायचा म्हटलं तर ज्याचं घर अजून झालेलंच नाही त्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं. मी दर वर्षी नवीन संच भरण्याची तरतूद मागेन, परत घेण्याची नाही. खर्च वाढतो, तो वाढू द्या.

गवंडीकाम
खर्च वाचवायचा असेल तर सांगाड्याची पाईप आणि नट-बोल्ट तालुक्याच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं मिळणाऱ्याच मापाचे ठेवा. बाहेरून खास मापाचं आणलं, की एक बोल्ट हरवला तरी घर अडून बसतं.