५ वर्षांच्या मुलीला आइस हॉकी: आधी स्केटिंग की डायरेक्ट हॉकी?

रश्मी_ब्रॅम्प्टन
नमस्कार मंडळी, आम्ही मागच्या वर्षी नाशिकहून इकडे कॅनडात आलो. लेक साडेपाच वर्षांची, किंडरगार्टनला आहे, वर्गातली बरीच पोरं हॉकी खेळतात आणि आता हिनेही डोक्यात घेतलंय की मला पण खेळायचंय. दिवसभर घरात झाडू घेऊन बॉल ढकलत असते. आमच्या घरात कुणी बर्फावर स्केट्स घालून उभंसुद्धा राहिलेलं नाही, आमची हॉकी म्हणजे धनराज पिल्ले! नवरा म्हणतो आत्ताच प्रायव्हेट कोच लावू म्हणजे मागे पडायला नको, सासूबाई इथेच आहेत त्यांना दातांची आणि डोक्याची काळजी, आणि मला खर्चाची. आधी नुसतं स्केटिंग शिकवायचं का? सामान सेकंडहँड चालतं का? मुलगी आहे म्हणून वेगळं काही बघावं लागतं का? ज्यांची मुलं खेळतात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

रिंकवाला_बाबा
रश्मीताई, मुलीने स्वतःहून मागितलंय ही फार छान गोष्ट आहे. मी इथल्या हॉकी असोसिएशनमध्ये यू७ च्या पोरांना बर्फावर शिकवायला मदत करतो म्हणून जरा लांबलचक लिहितोय. यू७ म्हणजे ३१ डिसेंबरला ज्यांना ७ पूर्ण झालेली नसतात ती मुलं, तुमची लेक त्यात बसते. ह्या वयाला प्रायव्हेट कोच नको, हे माझं ठाम मत.

पूर्ण रिंक (बर्फाचं मैदान) २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, त्यावर एवढीशी पोरं सोडली की जोरात पळणारी एकदोन मुलं पक (बॉलऐवजी वापरतात ती रबरी चकती) घेऊन जातात आणि बाकीची नुसती मागे मागे फिरतात, पकला स्टिक लागतच नाही. म्हणून हॉकी कॅनडाने (इथली हॉकीची राष्ट्रीय संस्था) २०१७-१८ च्या सीझनपासून ह्या गटाला पूर्ण रिंकवर मॅच खेळवणं बंद केलं. आता रिंकचे भाग करून छोट्या जागेत खेळवतात, पक निळा आणि ४ औंसाचा (मोठ्यांचा काळा ६ औंसाचा, तो ह्यांना जड जातो). स्कोअर लिहीत नाहीत, पॉइंट टेबल नाही. मिनिट-दीड मिनिटाने भोंगा वाजला की आतली पोरं बाहेर, बाहेरची आत, सगळ्यांना सारखं खेळायला मिळतं.

प्रॅक्टिसला सगळ्यात आधी पडायला आणि उठायला शिकवतो. गुडघ्यांवर यायचं, एक पाय पुढे टेकवायचा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबून उठायचं. मग जागच्या जागी पावलं उचलणं, मग दोन पायांवर घसरत जाणं, मग टाचा बाहेर ढकलून बर्फ खरवडत थांबणं. थांबणं सगळ्यात अवघड, त्याला वेळ लागतो, लागू दे. आणि हे सगळं खेळातूनच चालतं, पकडापकडी, आपल्या विषामृतासारखा खेळ ज्यात "विष" मिळालं की पाय फाकवून उभं राहायचं आणि दुसऱ्याने पायातून सरपटत जाऊन सोडवायचं. पोरं हसत हसत वळतात, वाकतात, पडतात, उठतात, आणि तोल आपोआप येतो. रांगेत उभं करून लेक्चर दिलं की ह्या वयात दोन मिनिटांत लक्ष उडतं, ते आम्ही टाळतोच.

स्वप्ना_कॅलगरी
+१, विषामृत आमच्याकडेही फेव्हरिट!! सामानाचं मी सांगते. हेल्मेट नवीनच घ्या, सीएसएचा (कॅनडाच्या सुरक्षा मानकाचा) स्टिकर असलेलं आणि पुढे पूर्ण जाळी असलेलं, जुनं आधी किती आपटलंय ते कळत नाही. नेक गार्ड कॅनडात मुलांना सक्तीचा आहे. बाकी शिन पॅड, एल्बो पॅड, पँट, ग्लोव्ह्ज सगळं सेकंडहँड बिनधास्त घ्या, मुलांना वर्षभरात लहान होतं म्हणून चांगल्या अवस्थेत मिळतं.

स्केट्स वाढत्या मापाचे अजिबात घेऊ नका. बुटांपेक्षा एक-दीड साइज लहानच बसतात, सैल असले की घोटा आत कलतो, पाय दुखतो आणि मग मूल म्हणतं मला नाही आवडत. नवीन स्केट्सना बहुतेक वेळा धार लावलेली नसते, ती लावूनच बर्फावर जा, नाहीतर पोर नुसतं घसरतं आणि आपल्याला वाटतं हिला जमत नाहीये. स्टिक स्केट्स घातल्यावर हनुवटीपर्यंत यावी, लांब असली तर दुकानात कापून देतात.

सासूबाईंना सांगा, चेहरा जाळीआड पूर्ण झाकलेला असतो, आणि अंगावर धडक मारणं (बॉडी चेकिंग) हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये ११-१२ वर्षांच्या गटातूनही काढून टाकलंय, ५ वर्षांच्या मुलांचा तर प्रश्नच नाही.

मिनेसोटाकर
थोडं वेगळं मत. आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे, पॉवर स्केटिंगच्या (हॉकीसाठी स्केटिंगचं टेक्निक शिकवणाऱ्या) क्लासने खूप फरक पडला. स्केटिंगचा पाया कच्चा राहिला तर पुढे त्रास होतो, त्यामुळे नवऱ्याचं अगदीच चूक नाही. अमेरिकेतही ८ वर्षांखालच्यांना छोट्या जागेतच खेळवतात, ते उत्तमच आहे, पण सोबत टेक्निक हवं.

रिंकवाला_बाबा
@मिनेसोटाकर ९ वर्षांच्या मुलाला नक्की लावा, तो सांगितलेलं ऐकून पाय कसा ठेवायचा ते सुधारू शकतो. साडेपाचला ते होत नाही हो, त्या वयात बर्फावर जास्तीत जास्त वेळ आणि परत यायची ओढ एवढंच हवं. ज्यांना लहानपणी दमवलं ती पोरं १०-११ ला खेळ सोडताना बघितली की खरंच वाईट वाटतं.

रश्मी_ब्रॅम्प्टन
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला हे वाचायला दिलंय. ऑफिसात कुणीतरी फर्स्ट शिफ्टबद्दल सांगितलं, ते घ्यावं का? आणि मुलींचं कसं?

स्वप्ना_कॅलगरी
फर्स्ट शिफ्ट ६ ते १० वर्षांच्या, आधी कधीच हॉकीत नाव न घातलेल्या मुलांसाठी आहे, कमी फीमध्ये डोक्यापासून पायापर्यंत नवीन सामान आणि बर्फावरचे सेशन्स मिळतात. म्हणजे आत्ता यू७ ला नाव घातलंत तर ते हातचं जाईल. माझं मत विचाराल तर ह्या हिवाळ्यात स्केट कॅनडाचं कॅनस्केट लावा, तिथे नुसतं स्केटिंग शिकवतात आणि तिथेही हॉकीचं हेल्मेटच लागतं त्यामुळे खर्च वाया नाही, शिवाय शहरातल्या उघड्यावरच्या रिंकवर वीकेंडला तुम्ही दोघंही स्केट्स भाड्याने घेऊन तिच्यासोबत उतरा. सहा पूर्ण झाली की फर्स्ट शिफ्ट.

मुलींसाठी ओंटारियोत वेगळ्या असोसिएशन्स आहेत, ओंटारियो वुमेन्स हॉकी असोसिएशनच्या साइटवर जवळची सापडेल, मुलांसोबतही खेळता येतं पण काही मुली फक्त मुलींत जास्त खुलतात, तिला दोन्हीकडे नेऊन बघा. आणि टोरंटो सेप्टर्स ह्या बायकांच्या टीमची एक मॅच दाखवाच, त्यांची आत्ताची प्रो लीग २०२४ पासून सुरू झालीये, आमच्या मुलीने टीव्हीवर बघितली त्या दिवसापासून गोलकीपर व्हायचं म्हणतेय.

रिंकवाला_बाबा
स्वप्नाताईंचा प्लॅन बेस्ट. फक्त फर्स्ट शिफ्टच्या जागा लवकर भरतात, रजिस्ट्रेशनच्या तारखेवर आत्तापासून लक्ष ठेवा. आणि लेस बांधायची प्रॅक्टिस घरीच करून घ्या, टाचेपाशी घट्ट आणि बोटांपाशी जरा सैल.