'माझं पोर, माझी मर्जी' म्हणणाऱ्यांना झेडपीच्या मास्तरचा प्रश्न

खडूफळा
काल फिरत फिरत एक पोस्ट आली. पुण्यातल्या कुणा बाईंची. शाळा म्हणजे विटा पाडायची भट्टी, आम्ही पोरीला तिसरीतून काढलं, आता ती निसर्गाकडून शिकते, आणि शेवटी "माझ्या मुलीने कुठे शिकायचं हे ठरवणारं सरकार कोण?" खाली बदामांचा पाऊस.

डोकं फिरलं म्हणून लिहितोय. मी गेवराई तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात आणि वर्ग अर्धा रिकामा. ट्रॅक्टर चालू, वर भांडीकुंडी, शेरडू, त्यावर पोरं, आणि आम्ही खाली उभं राहून शिक्षण हमी कार्ड (पोरं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) भरतोय, बापाला म्हणतोय की पोरीला तरी मागं ठेव, हंगामी वसतिगृह आहे. तो म्हणतो, "मास्तर, धाकट्याला कोण धरंल मग? आम्ही दोघं कोयत्यावर." आता हा पण पालकाचाच निर्णय ना? पण सर्वेक्षणात त्याची पोरगी 'शाळाबाह्य' आणि तो अडाणी. पुण्याच्या बाई मात्र जागरूक पालक. कायदा एकच, २००९ चा शिक्षण हक्क कायदा (आरटीई), वय सहा ते चौदा. मग असं का?

शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. तेव्हाही 'आमचं पोर, आम्ही बघू' म्हणणारे असणारच. महाराजांनी ऐकलं नाही म्हणून आज आपण इथं टाइप करतोय.

आळशी_आई
सर, ती पोस्ट माझी नाही, पण असती तरी चाललं असतं. 'बाई', 'निसर्ग', 'बदाम' वगैरे कुत्सितपणा झाला असेल तर बोलू.

माझा मुलगा दुसरीत असताना रोज सकाळी बस यायच्या आधी ओकायचा. रोज. शाळा चांगली नावाजलेली, फी विचारू नका. बाईंनी त्याला मागच्या बाकावर बसवलं कारण तो हळू वाचतो, आणि मला सांगितलं की "घरी जरा स्ट्रिक्ट व्हा". दोन शाळा बदलल्या मग घरी ठेवला. आज तो रद्दीवाल्याच्या काट्यासमोर उकिडवा बसतो, वजन वाचतो, भावाने गुणतो, मागच्या महिन्यात त्याने रद्दीवाल्याचे तीस रुपये पकडले. हे शिक्षण नाही? आणि बेकायदा बेकायदा करू नका, २०१२ ला केंद्र सरकारनेच दिल्ली हायकोर्टात सांगितलंय की स्वेच्छेने घरी शिकवणाऱ्यांच्या आड आरटीई येत नाही.

लॉ_पॉइंट
दोघंही अर्धं सांगताय. आरटीईचं कलम १० म्हणतं मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, पण न घातलं तर पालकाला शिक्षा कुठेच नाही. त्यामुळे शाहू महाराजांचा रुपया आजच्या कायद्यात नाही. आणि ताई, कोर्टात दिलेलं म्हणणं म्हणजे कायदा नव्हे, उद्या दुसरं सरकार दुसरं म्हणणं देईल. मुळात घटनेच्या २१क मधला हक्क मुलाचा आहे. ५१क मध्ये आईबापाच्या वाट्याला फक्त कर्तव्य आलंय. 'पालकांचा हक्क' तुम्ही लोकांनी अमेरिकेतून उचललाय.

पालकांना खरी मोकळीक कुणी दिली माहितीये? २०१२ च्या दुरुस्तीने. मदरसे आणि वेदपाठशाळांना आरटीई लागू नाही. त्यावर कुणी ब्र काढत नाही.

खट्याळ_काका
आली, वेदपाठशाळा आलीच! आता दहा प्रतिसादांत धागा वाचनमात्र होणार. आमच्या आत्तेभावाने मुंज झाल्यावर मुलाला पाठशाळेत ठेवला, तो आज घनपाठी (वेदपठणातला वरच्या पायरीचा) आहे आणि तुमच्या बी.ई. झालेल्यांपेक्षा जास्त कमावतो.

आणि मास्तर, प्रवचन देण्याआधी एक सांगा, झेडपीच्या किती मास्तरांची पोरं झेडपीत आहेत? आमच्या गावचे गुरुजी स्वतःच्या पोराला तालुक्याला इंग्लिश मीडियमला सोडून मग अकरा वाजता शाळेत उगवतात.

खडूफळा
माझी पोरगी माझ्याच शाळेत चौथीला आहे. झालं समाधान? अकरा वाजता का उगवतात तेही सांगतो. बीएलओ म्हणून मतदारयादी आम्ही करायची, खिचडीचा तांदूळ आम्ही मोजायचा, दर आठवड्याला नवीन ॲप, नवीन लिंक, फोटो अपलोड करा, रेंज नाही तर टेकडीवर जा. शाळाबाह्य पोरं पण आम्हीच शोधायची. माझी बहीण पुण्यात शिक्षिका आहे, सर्वेक्षणाला एका सोसायटीत गेली तर बाई दारातूनच म्हणाल्या, वुई आर होमस्कूलिंग, आणि दार लावलं. बहीण फॉर्म घेऊन उभी. रकाने कसले? स्थलांतर, बालमजुरी, दिव्यांग, घरकाम. या बाईंना कुठल्या रकान्यात टाकायचं?

सातारा_ते_जर्सी
'अमेरिकेतून उचललाय' वाचून राहवलं नाही. इथे न्यू जर्सीत मूल घरी शिकवायचं तर शाळेला कळवावंही लागत नाही. हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कात गेलात की वार्षिक आराखडा द्या, दर तिमाहीला रिपोर्ट द्या. आमच्या मंडळातली दोन कुटुंबं घरी शिकवतात, पोरं स्पेलिंग बीमध्ये चमकतात आणि गणेशोत्सवात कोपऱ्यात उभी असतात. १९७२ ला अमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आठवीनंतर शाळा नको म्हणून इथल्या सुप्रीम कोर्टात केस जिंकली, तीच इथल्या पालकहक्कवाल्यांची गीता. पण त्यात डग्लस नावाचे एक न्यायमूर्ती वेगळं म्हणाले होते की आईबापाचं ऐकलंत, पोरांना कुणी विचारलं का?

बोधडी_एक्सप्रेस
तुमचं चालू द्या ओ डग्लस न् घनपाठी. मला एवढंच सांगा, दाखला कुठून आणणार?

आमच्याकडं किनवटला शाळा म्हणजे आधी दाखला, मग शिक्षण. माझ्या चुलतभावाची व्हॅलिडिटी (जात पडताळणी) अडकली. एसटीला, म्हणजे अनुसूचित जमातीला, ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा बघतात. आजा कधी शाळेत गेलाच नाही. शेवटी आज्याच्या भावाचा शाळेच्या रजिस्टरातला प्रवेश निर्गम उतारा सापडला, एकशिक्षकी शाळा, १९४९, वाळवीनं अर्धं पान खाल्लेलं, पण जातीचा रकाना शाबूत. तो आजोबा दुसरीतच शाळा सोडून ढोरामागं गेला, शिकला काय तर सही. पण त्या एका ओळीवर आमच्या घरात नर्स झाली, तलाठी झाला. आणि तुम्ही म्हणता शाळा म्हणजे विटांची भट्टी.

आळशी_आई
वडिलांची व्हॅलिडिटी असेल तर मुलाला मिळते की. शाळेचाच कागद हवा असं नाही. आणि शिक्षणाच्या चर्चेत जात आणायलाच हवी का?

बोधडी_एक्सप्रेस
आणली नाही ताई, ती रजिस्टरात लिहिलेली आहे. तुम्हाला ते पान कधी उघडावं लागलं नाही एवढंच. बापाची व्हॅलिडिटी कशावर झाली? त्याच्या बापाच्या दाखल्यावर. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला अख्खं सरकार जुनी रजिस्टरं घेऊन बसलं होतं, त्यातली निम्मी धावाधाव शाळांच्या दप्तरातच होती ना?

लॉ_पॉइंट
नोंदी महसुली, जन्ममृत्यू, भूमी अभिलेख सगळीकडे शोधल्या. पण मुद्दा बरोबर. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची तरी पहिला कागद मागतात तो शाळा सोडल्याचाच.

आळशी_आई
एनआयओएस आहे, केंद्राची मुक्त शाळा. वय चौदा पूर्ण असलं की दहावीला बसता येतं. आणि २०१६ ला मुंबईची मुलगी दहावी-बारावी न करता एमआयटीत गेली ते विसरलात का?

खट्याळ_काका
ती एक पोरगी किती वर्षं पुरवणार? इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडची पदकं होती तिच्याकडे, रद्दीवाल्याचे तीस रुपये नव्हते. आणि आयआयटीने तिलासुद्धा बारावी नाही म्हणून घेतलं नाही. घरी शिकवण्याचंच म्हणाल तर गांधीजींनीही पोरांना शाळेत घातलं नव्हतं. हरिलालने आयुष्यभर बापाला काय ऐकवलं ते वाचा.

आळशी_आई
माझ्या मुलावर घसरायचं कारण नव्हतं काका. तुमच्या आत्तेभावाने बारा वर्षांच्या पोराला घराबाहेर ठेवला तो संस्कार, मी घरात ठेवला तर गुन्हा?

खट्याळ_काका
गुन्हा कोण म्हणालं? फाजील लाड म्हणालो असतो, पण तेही म्हणालो नाही.

खडूफळा
ताई, रोज ओकणाऱ्या पोराला घरी ठेवलं यात मला काही चूक दिसत नाही, मीही ठेवला असता. लिहून घ्या, परत म्हणणार नाही. पण तुम्ही शाळेतून पोर काढलं ते शाळा वाईट म्हणून. मग त्या बाईंबद्दल, त्या मागच्या बाकाबद्दल तक्रार केलीत का? तिथं आता दुसरं कुणीतरी बसलं असेल.

आळशी_आई
केली. लेखी. उत्तर आलं की "तुमच्या पाल्याला आमचं वातावरण झेपत नाही". शिक्षण खात्याकडे गेले तर साहेब मीटिंगला. तुमचेच साहेब सर. आणि त्या जर्सीच्या डग्लसला सांगा, मी मुलाला विचारलं होतं परत शाळेत जायचंय का. तो म्हणाला, फक्त मधल्या सुट्टीला.

खट्याळ_काका
मग मास्तरांकडे पाठवा, तिथे दिवसभर मधली सुट्टीच असते.

खडूफळा
काका, एकदा याच. दुपारी एकला या, खिचडी वाढायला एक माणूस कमीच आहे. त्यानंतर दोन वर्ग एकत्र घ्यायचेत, तेही देतो तुम्हाला.