कॉफी केक: तुमचे अनुभव लिहा

कुडाळ (धागाकर्ती): गेल्या मे महिन्यात नणंद न्यूजर्सीहून आली, तिच्या कृतीने हौसेने केला. सासूबाईंनी पहिला घास घेतला नि विचारलं, "ह्यात कॉफी खंय आसा?" नाहीच मुळी. अमेरिकेत कॉफीसोबत खातात म्हणून कॉफी केक. सासूबाईंना काही पटलं नाही.

माझी फजिती वेगळीच. वरच्या चुऱ्यासाठी मैदा, साखर, दालचिनी आणि गार लोणी बोटांनी चोळायचं, रवाळ खडे व्हायला हवेत. कुडाळात मे महिन्यात लोणी गार राहील तर शपथ! त्याचा लगदा झाला आणि भाजताना थेट केकच्या पोटात गेला. दुसऱ्यांदा चोळलेला चुरा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवला, तेव्हा कुठे वर टिकला. सावर क्रीम नव्हतं, चक्का ताकाने सैल केला. चव छान आली. आता तुम्ही सांगा.

गुहागर: आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरची रिंग-शिटी काढून तळाशी मीठ घालतात ना, मी शहाणपणाने किनाऱ्यावरची वाळू आणली. तीन पाण्यांनी धुतली. तापल्यावर घरभर सुकटीचा वास! केक फुलला होता, पण कुणी हात लावला नाही. मीठच घाला.

दापोली: मला इंग्लंडवाला आवडतो, त्यात कॉफी खरंच असते. वर अक्रोड, मधे लोण्या-साखरेचं आयसिंग, आणि ते लोक तो चहाबरोबरही खातात! पावसाळ्यात आमच्या बरणीतल्या इन्स्टंट कॉफीचा दगड होतो, सुरीने टोचून काढावी लागते. तो खडा चमचाभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवूनच मिश्रणात घाला. मी एकदा तसाच चुरून टाकला. मधेच कडू ठिपके. अक्रोडाऐवजी काजू घालू नका, घरचे असले तरी. कॉफीला अक्रोडाचा तुरटपणाच हवा.

अलिबाग: मुलगा जर्मनीत आहे. तिथे त्या चुऱ्याला श्ट्रॉयझेल म्हणतात, खालचा केक पुष्कळदा यीस्टचा. मला तो पावासारखाच लागला.

मालवण: एवढ्या लांब कशाला जायचं? आमची तवसोळी आहे की, रत्नागिरीकडे जिला धोंडस म्हणतात. जून तवसं, म्हणजे मोठी काकडी, सोलून, बिया काढून किसायचं. सुटलेलं पाणी फेकायचं नाही, त्यातच भाजलेला तांदळाचा रवा शिजतो. गूळ, ओलं खोबरं, वेलची. आजी टोपात हळदीचं पान घालायची आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवायची. निखारे विझत आले की कडेला गूळ करपायला लागे, आणि त्या खरपूस कडेसाठीच आम्हा भावंडांची मारामारी. सोबत गुळाची काळी कॉफी, कपात.

कुडाळ (धागाकर्ती): हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तवसोळीत तवसा आसता मा? मग?"