‘तुर्कांनी वाट अडवली’ हे पाठांतर आता पुरे

अगस्ती_तारा
सकाळपासून तिसऱ्यांदा तोच ढकलसंदेश: “१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, मसाल्याची वाट बंद झाली, म्हणून युरोपने समुद्रमार्ग शोधला.” शाळेत दोन गुणांपुरते ठीक होते. पण मिरीची मुख्य वाट कॉन्स्टँटिनोपलवरून होतीच कधी? मलबारातून एडन, जेद्दा, मग कैरो आणि नाईलने अलेक्झांड्रिया. दुसरा फाटा दमास्कसवरून बैरूतला. ही दोन्ही बंदरे इजिप्त-सीरियाच्या मामलुक सुलतानांची. तुर्कांच्या हाती ती लागली १५१६-१७ मध्ये, म्हणजे वास्को द गामा कालिकतला येऊन गेल्यावर अठरा-एकोणीस वर्षांनी!

मिरी महाग करून ठेवली ती मामलुक सुलतान बर्सबायने, १४२०च्या दशकात सरकारी मक्ता लावून. आणि पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतले सेउटा बंदर घेतले १४१५ला, पश्चिम आफ्रिकेतले बोहादोरचे भूशिर ओलांडले १४३४ला. म्हणजे वाट ‘बंद’ व्हायच्या आधीच हे घराबाहेर पडलेले, तेही गिनीच्या सोन्यासाठी. मजा म्हणजे इजिप्त तुर्कांकडे गेल्यावर, सोळाव्या शतकाच्या मध्याला, तांबड्या समुद्रातून व्हेनिसला पुन्हा भरपूर मिरी जाऊ लागली. असली कसली अडवणूक?

बखरबहाद्दर
झाले, पुस्तके चुकीची आणि आपण तेवढे शहाणे. अहो, काळ्या समुद्रावरचे काफ्फा बंदर इटलीतल्या जिनोआवाल्यांचे होते, ते तुर्कांनी १४७५ला गिळले. पूर्वेला हात पोळल्यावर जिनोआचा पैसा आणि माणसे कुठे वळली? सेव्हिल आणि लिस्बनला. कोलंबस कुठला होता तेवढे सांगा. वाट अडली नाही म्हणता, पण धनको तर हलले ना?

अगस्ती_तारा
धनको हलले, मान्य. पण हा मुद्दा ढकलसंदेशात नाही, तुम्ही आत्ता शोधून काढलात. शिवाय गामानंतर हिंदुस्थानला निघालेल्या काब्रालच्या मोहिमेत पैसा घालणारा सावकार मार्किओनी फ्लॉरेन्सचा, जिनोआचा नव्हे.

ठेचा_भाकरी
आणि ते “कुजलेले मांस खाता यावे म्हणून मसाले हवे होते” हेही कोणीतरी एकदा गाडा. मांस टिकवायला मीठ आणि धूर पुरत असे. ज्याला मिरी परवडते त्याला ताजे मांस परवडत नाही होय? जाता जाता: आपल्याकडची मिरची या पोर्तुगीजांनीच आणली. ती नसती तर ठेचा मिरीचा करावा लागला असता.

खारा_वारा
धागा ठेच्यावर जायच्या आत सांगतो. तुम्ही सगळे सुलतान आणि सावकार धरून बसलात. अडचण वाऱ्याची होती, त्यावर कोणी बोलतच नाही.

आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला जायचे तर गिनीच्या आखातात वारा पडतो, पुढे वारा आणि प्रवाह दोन्ही तोंडावर येतात. चौकोनी शिडाचे जहाज वाऱ्याच्या तोंडाला फार जवळून जाऊ शकत नाही. म्हणून गामाने ३ ऑगस्ट १४९७ला केप व्हर्दे बेटे सोडल्यावर किनाराच सोडला. अटलांटिकमध्ये खोल नैऋत्येला जायचे, आग्नेय वारे कुशीवर घेत दक्षिणेला उतरायचे, पश्चिमी वारे लागले की पूर्वेला वळायचे. तीन महिने जमीन दिसली नाही. ४ नोव्हेंबरला दिसली ती केप ऑफ गुड होपच्या थोडी उत्तरेला. याच वळशात काब्राल १५००मध्ये ब्राझीलला टेकला.

विषुववृत्ताखाली ध्रुवतारा दिसत नाही, म्हणून दुपारच्या सूर्याची उंची आणि त्या दिवसाची क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) या दोन्हींवरून अक्षांश काढायचे. त्यासाठी ज्योतिषी झाकुतोची कोष्टके, १४९६ला पोर्तुगालच्या लैरियात छापलेली. हलत्या डेकवर लहान अॅस्ट्रोलेबची (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या चकतीची) पट्टी स्थिर राहत नाही, म्हणून किनाऱ्यावर उतरून तिकाटण्याला मोठा लाकडी अॅस्ट्रोलेब टांगला. हे सगळे जमायला बोहादोरपासून साठ-पासष्ट वर्षे गेली. कॉन्स्टँटिनोपल कुठे बसते यात?

माळमपुत्र
आणि पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीपासून पुढे? तिथून वाट दाखवली आमच्या कच्छच्या कानजी माळमने, म्हणजे वाटाड्याने. त्याचे नाव नेहमीप्रमाणे गाळलेत.

अगस्ती_तारा
नाव नव्हेच ते. गामाच्या जहाजावरची रोजनिशी नुसते ‘ख्रिस्ती वाटाड्या’ म्हणते, आणि हे लोक कालिकतच्या देवळालाही चर्च समजत होते. नंतरचा पोर्तुगीज इतिहासकार बारुश ‘मालेमो काना’ लिहितो, गुजरातचा मुसलमान म्हणतो. दुसरा इतिहासकार कास्तान्येदा ‘कानाका’ लिहितो. मालेमो म्हणजे अरबी मुअल्लिम, तुमचा माळम. कानाका बहुधा आपला गणक, म्हणजे ज्योतिषी. हुद्दा अधिक हुद्दा, त्यातून कानजी जन्मला.

बखरबहाद्दर
वाटाड्या प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता हे सर्वश्रुत आहे.

अगस्ती_तारा
सर्वश्रुत, पण इतिहासकार नहरवालीने ते मक्केत बसून सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिले, तेही दारू पाजून फितवला म्हणून. पोर्तुगीजांकडचा एकही जुना लेखक हे नाव घेत नाही.

माळमपुत्र
बरे, गणक तर गणक. गुजरातचा होता ना? बारुशच लिहितो की गामाने अॅस्ट्रोलेब दाखवला तर गडी जराही चकित झाला नाही, आणि उलट याने हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा आडव्या-उभ्या रेघांचा नकाशा काढून दाखवला. तेव्हा शोध कोणी कोणाचा लावला ते ठरवा.

खारा_वारा
इथे माळमपुत्रांना पूर्ण गुण. २४ एप्रिलला मालिंदी सोडले, १८ मेला मलबारचे डोंगर दिसले. नैऋत्य मोसमी नुकता चढत होता, जोर धरला नव्हता. तिथला माळम गाठ मारलेली दोरी आणि लाकडी फळी वापरतो: दोरी दातात धरून फळी क्षितिजावर टेकवायची, वरच्या कडेला ध्रुवतारा आला की मुक्कामाच्या बंदराची उंची. मग सरळ पूर्वेला. पाच दिवसांत ध्रुवतारा पुन्हा दिसू लागला होता. तरी किनारा मुसळधार पावसात ओळखू येईना.

परतताना वाटाड्याचे ज्ञान नव्हते तेव्हा काय झाले पाहा. जकातीवरून कालिकतच्या राजाशी, सामुथिरीशी, भांडून २९ ऑगस्टला कालिकत सोडले. वाटेत आपल्या कारवारजवळच्या अंजदिवला जहाजे कलती करून तळ खरवडले, ५ ऑक्टोबरला निघाले. मालिंदी गाठायला ७ जानेवारी उजाडला. येताना साडेतीन आठवडे, जाताना तीन महिने.

बखरबहाद्दर
नारळी पौर्णिमेनंतर कोळी होड्या घालतातच की समुद्रात. मग गामा चुकला कसा?

खारा_वारा
किनाऱ्यालगत जाळे टाकणे वेगळे आणि अरबी समुद्र आडवा कापणे वेगळे, भाऊ. नारळी पौर्णिमेला समुद्राचा खवळ उतरू लागतो. आफ्रिकेकडे नेणारा ईशान्य वारा तेव्हा नसतो, तो नोव्हेंबरानंतर बसतो. मध्ये ऑक्टोबरात वारा पडलेला, नाहीतर उलटा. ताजी फळे-भाजी बंद झाल्यावर दहा-बारा आठवड्यांत हिरड्या सुजून दातांवर येतात, पाय सुजतात, रोजनिशीत हेच वर्णन आहे. या एका टप्प्यात तीस माणसे मेली, जहाजामागे सात-आठ जण कामाचे उरले. मालिंदीला पोचल्या पोचल्या संत्री मागवली, पुढे साओ राफाएल हे जहाज जाळून टाकले कारण चालवायला हात नव्हते. पुढचे कप्तान हे शिकले: लिस्बन मार्चमध्ये सोडायचे, मलबार डिसेंबर-जानेवारीत.

ठेचा_भाकरी
आणि एवढे मरून सामुथिरीला नजराणा काय? पट्ट्यापट्ट्याचे कापड बारा नग, टोप्या, तस्त, साखर, तेल, मध. त्याची माणसे तोंडावर हसली, मक्केचा सर्वांत गरीब व्यापारीही याहून जास्त देतो म्हणाली. लग्नात स्टीलचा डबा देणाऱ्या पाहुण्यांना आपण उगाच नावे ठेवतो.

बखरबहाद्दर
ठीक. १४५३ हे एकमेव कारण नाही, एवढे लिहून देतो. काफ्फा मात्र मी सोडणार नाही.

अगस्ती_तारा
काफ्फा तुम्हीच ठेवा. आम्हाला अलेक्झांड्रिया पुरे.

माळमपुत्र
गणकाचे काही ठरले का?